भागाकारातली बाकी: मोंटानाच्या राज्यव्यापी मतदारसंघाचे प्रकरण

अमेरिकेच्या वायव्येला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेल्या मोंटाना राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर आहे आणि पूर्व-पश्चिम अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास भरते. जानेवारी १९९३ पासून जानेवारी २०२३ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, या सगळ्या मुलुखातून अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एकच सदस्य जात होता. ज्या मतदारसंघाची हद्द आणि राज्याची हद्द एकच असते, त्याला तिकडे ‘ॲट लार्ज’ म्हणतात. आपण त्याला राज्यव्यापी मतदारसंघ म्हणू. १९९०, २००० आणि २०१० या तिन्ही जनगणनांनंतर मोंटानाचा मतदारसंघ लोकसंख्येने देशातला सर्वांत मोठा ठरला. २०२० च्या जनगणनेनंतर त्याचे दोन भाग झाले, तेव्हा हेच दोन भाग देशातले सर्वांत लहान मतदारसंघ ठरले. मधल्या काळात ना कायदा बदलला, ना जागावाटपाचे सूत्र. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाण्याचे कारण शोधू लागले की राजकारणापेक्षा अंकगणिताचीच गाठ आधी पडते, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहण्याजोगे आहे.

राज्यव्यापी मतदारसंघ मोंटानाला नवा नव्हता. ८ नोव्हेंबर १८८९ रोजी एकेचाळिसावे राज्य म्हणून संघराज्यात प्रवेश मिळाला, तेव्हा तिथल्या तुरळक वस्तीला एकच जागा आली आणि टॉमस कार्टर हे पहिले प्रतिनिधी झाले. पुढची वीस-बावीस वर्षे ही जागा कधी रिपब्लिकन, कधी डेमोक्रॅट, एकदा तर पॉप्युलिस्ट पक्षाकडेही गेली; त्यात रेंगाळण्यासारखे फारसे काही नाही. १९१० च्या जनगणनेनंतर मोंटानाला दुसरी जागा मिळाली आणि १९१३ पासून राज्यातून दोन सदस्य जाऊ लागले. मात्र राज्याचे दोन भाग केले गेले नाहीत. दोन्ही जागा राज्यव्यापीच राहिल्या. प्रत्येक मतदाराने दोन मते द्यायची आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले दोघे निवडून यायचे, अशी ही रीत होती.

या रीतीचा एक परिणाम इतिहासात नोंदला गेला. मोंटानात स्त्रियांना मताधिकार १९१४ मध्ये मिळाला होता आणि त्या चळवळीत राज्यभर फिरलेल्या मिझूलाच्या जेनेट रँकिन यांनी १९१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे उमेदवारी केली. डेमोक्रॅट जॉन इव्हान्स पहिले आले, रँकिन दुसऱ्या आल्या, आणि अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या मतदाराने आपले पहिले मत नेहमीच्या पुरुष उमेदवाराला दिले, त्याच्या हाती दुसरे मत शिल्लक होते, आणि ते देताना त्याला काही गमवावे लागत नव्हते. एका जागेच्या लढतीत हे दुसरे मत नसते. रँकिन यांचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही, पण मतदारसंघाची घडण त्यांच्या पथ्यावर पडली हे मान्य करायला हवे.

६ एप्रिल १९१७ च्या पहाटे प्रतिनिधिगृहात जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावावर नावे पुकारली जात होती. पहिल्या फेरीत रँकिन यांचे नाव आले तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या फेरीत त्या उभ्या राहिल्या आणि मला देशाच्या पाठीशी उभे राहायचे आहे, पण युद्धाच्या बाजूने मी मत देऊ शकत नाही, असे म्हणाल्या. मत देताना भाष्य न करण्याचा सभागृहाचा संकेत त्यांनी मोडला, याचीही तेव्हा चर्चा झाली. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. त्या पन्नासांत इव्हान्स नव्हते. एकाच राज्याच्या, एकाच मतदारवर्गाच्या दोन प्रतिनिधींनी सर्वांत मोठ्या प्रश्नावर एकसारखे मत दिले नाही, हे पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावे.

१९१८ च्या निवडणुकीपूर्वी राज्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन मतदारसंघ आखले गेले. रँकिन यांच्या वाट्याला आलेला पश्चिम भाग डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला होता. तिथून निवडून येणे दुरापास्त, म्हणून त्यांनी सिनेटची निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. ही विभागणी त्यांना दूर करण्यासाठीच झाली, असा संशय पुष्कळांनी व्यक्त केला आहे. हेतूविषयी बोलण्यापेक्षा परिणामाविषयी बोलणे मला अधिक सुरक्षित वाटते: राज्यभर विखुरलेला पाठिंबा असणाऱ्या उमेदवाराला राज्यव्यापी जागा मानवते, आणि तेच राज्य रेषा मारून तोडले की तो पाठिंबा निरुपयोगी होऊ शकतो. (रँकिन १९४० मध्ये त्याच पश्चिम मतदारसंघातून पुन्हा निवडून आल्या आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्धच्या युद्धालाही त्यांनी विरोध केला. या वेळी मतदान ३८८ विरुद्ध १ असे होते, आणि सभागृहाबाहेर जमाव एवढा खवळला की टेलिफोनच्या खोक्यात शिरून त्यांना पोलिसांना बोलवावे लागले. पुढच्या आयुष्यात गांधीविचाराच्या ओढीने त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या.)

१९१९ ते १९९३ या चौऱ्याहत्तर वर्षांत पश्चिम आणि पूर्व यांचे स्वभाव पक्के झाले. पश्चिमेला डोंगर, जंगल, लाकूड गिरण्या, ब्यूटच्या तांब्याच्या खाणी, कामगार संघटना आणि मिझूलाचे विद्यापीठ. तिथून माइक मॅन्सफील्ड, ली मेटकाफ, मॅक्स बॉकस असे पुढे सिनेटमध्ये गेलेले डेमोक्रॅट निवडून आले. पूर्वेला गव्हाची शेते, गुरांची कुरणे आणि सपाट माळ. तिथला कल बहुधा रिपब्लिकनांकडे. राज्यव्यापी मतदारसंघ पुन्हा आला तेव्हा नेमकी हीच दोन टोके एका गाठीत बांधली गेली.

बाकी कोणाची?

१९८० चे दशक मोंटानाला वाईट गेले. ॲनाकोंडा येथील तांबे वितळवण्याची भट्टी १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ पर्यंत ब्यूटच्या खाणीही थंडावल्या. राज्याची लोकसंख्या दहा वर्षांत ७,८६,६९० वरून ७,९९,०६५ झाली. ही वाढ जेमतेम दीड टक्क्याची; देशाची मात्र दहा टक्क्यांच्या जवळपास. प्रतिनिधिगृहाच्या जागा ४३५ वर गोठवलेल्या असल्यामुळे, इतरांपेक्षा हळू वाढणे म्हणजेच मागे पडणे. मोंटानाची दुसरी जागा गेली.

ती का गेली हे समजून घ्यायचे तर जागावाटपाचे सूत्र पाहावे लागते. राज्यघटनेनुसार प्रत्येक राज्याला किमान एक जागा मिळते. पन्नास जागा अशा वाटून झाल्यावर उरलेल्या ३८५ जागा एकेक करून द्यायच्या असतात आणि प्रत्येक जागेला दावेदार अनेक असतात. १९४१ च्या कायद्याने यासाठी ‘समान प्रमाणांची पद्धत’ स्वीकारली: राज्याची लोकसंख्या घ्यायची, त्या राज्याची सध्याची जागासंख्या आणि मिळू पाहणारी जागासंख्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे, त्याने लोकसंख्येला भागायचे, आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला पुढची जागा द्यायची. ही पद्धत जनगणना खात्यातील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ हिल आणि हार्वर्डचे गणिती एडवर्ड हंटिंग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. ती निवडली जाण्यामागे शुद्ध गणितप्रेम होते असे समजू नये. एका पद्धतीने शेवटची जागा मिशिगनला जात होती, दुसरीने आर्कान्सॉला, आणि आर्कान्सॉची जागा डेमोक्रॅटांच्या हातची मानली जात होती. सभागृहात बहुमत डेमोक्रॅटांचे होते.

१९९० मध्ये परदेशी नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांसह मोंटानाची वाटपासाठीची लोकसंख्या ८,०३,६५५ धरली गेली. दुसऱ्या जागेसाठी एक गुणिले दोनचे वर्गमूळ, म्हणजे १.४१४, याने भागले की सुमारे ५,६८,२७० येतात. वॉशिंग्टन राज्याची लोकसंख्या ४८,८७,९४१ होती. त्याच्या नवव्या जागेसाठी आठ गुणिले नऊचे वर्गमूळ, म्हणजे ८.४८५, याने भागले की सुमारे ५,७६,०५० येतात. शेवटची, ४३५ वी जागा वॉशिंग्टनला गेली.

मोंटाना न्यायालयात गेले. राज्याचे म्हणणे साधे होते. एका जागेमागे देशातली सरासरी लोकसंख्या ५,७२,४६६ होती. मोंटानाला एकच जागा दिली तर तिथला मतदारसंघ सरासरीपेक्षा २,३१,१८९ ने मोठा होतो; दोन दिल्या तर प्रत्येक भाग १,७०,६३८ ने लहान होतो. म्हणजे दोन जागा देणे सरासरीच्या अधिक जवळ आहे. वॉशिंग्टन आणि मोंटाना यांच्या मतदारसंघांतला फरक पाहिला तरी उत्तर तेच: प्रचलित वाटपात तो २,६०,५५० माणसांचा आहे, मोंटानाला दोन आणि वॉशिंग्टनला आठ जागा दिल्या तर २,०९,१६५ चा होतो. १९६४ पासून सर्वोच्च न्यायालय ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व राज्यांतर्गत मतदारसंघांना लावत आले होते. तेच राज्याराज्यांमधल्या वाटपालाही लावा, असा मोंटानाचा आग्रह होता. तीन न्यायाधीशांच्या जिल्हा न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो मान्य केला.

३१ मार्च १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने फिरवला. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले, आणि ते वाचताना एखाद्या जाणत्या गणितशिक्षकाचा तास ऐकत असल्याचा भास होतो. त्याचा गाभा असा: मोंटाना फरक वजाबाकीने मोजत आहे, पण तो भागाकारानेही मोजता येतो. प्रचलित वाटपात मोंटानाचा मतदारसंघ वॉशिंग्टनच्या मतदारसंघापेक्षा ४८ टक्क्यांनी मोठा आहे. मोंटानाच्या मागणीप्रमाणे वाटप केले तर वॉशिंग्टनचा मतदारसंघ मोंटानाच्या प्रत्येक भागापेक्षा ५२ टक्क्यांनी मोठा होईल. वजाबाकी मोंटानाच्या बाजूने बोलते, भागाकार वॉशिंग्टनच्या. विषमता मोजण्याच्या दोन्ही रीती सुसंगत आहेत आणि त्यांतली कोणती घ्यायची हे घटना सांगत नाही. राज्याच्या आत रेषा सरकवून मतदारसंघ जवळजवळ समान करता येतात. राज्याची सीमा ओलांडून मात्र मतदारसंघ नेता येत नाही, म्हणून तिथे अचूक समानता अशक्यच आहे. अशा स्थितीत काँग्रेसने सद्‌भावाने निवडलेली, पन्नास वर्षे चालत आलेली पद्धत न्यायालय मोडणार नाही.

मला हा निकाल बरोबर वाटतो, पण त्याने मोंटानाच्या तक्रारीतला दम नाहीसा होत नाही. आठ लाख माणसांमागे एक सदस्य आणि शेजारच्या वायोमिंगमध्ये साडेचार लाखांमागे एक, हे कोणत्याही सूत्राने समजावले तरी ब्यूटच्या माणसाला पटणे कठीण. तेव्हा मॅसॅच्युसेट्सही याच शेवटच्या जागेसाठी भांडत होते. परदेशस्थ कर्मचारी मोजल्यामुळे आपली जागा वॉशिंग्टनकडे गेली, अशी त्याची तक्रार होती, आणि तीही जून १९९२ मध्ये फेटाळली गेली.

दोन सदस्य, एक खुर्ची

निकाल लागला आणि प्रश्न न्यायालयातून मतदारांकडे आला. पश्चिमेचे डेमोक्रॅट पॅट विल्यम्स १९७९ पासून सदस्य होते, पूर्वेचे रिपब्लिकन रॉन मार्लेनी १९७७ पासून. दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही. नोव्हेंबर १९९२ ची लढत म्हणजे राज्याच्या दोन अर्ध्यांनी एकमेकांशी केलेला सामनाच होता: जंगले किती राखीव ठेवायची, लाकूडतोड किती होऊ द्यायची, खाणींवर बंधने किती, आणि शेतकरी-पशुपालकांना सरकारने किती मोकळे सोडायचे, या प्रश्नांवर दोघांची मते पंधरा वर्षे जगजाहीर होती. विल्यम्स ५० टक्क्यांहून किंचित अधिक मते घेऊन जिंकले, मार्लेनी ४७ टक्क्यांच्या आसपास थांबले. १९९४ च्या रिपब्लिकन लाटेतही विल्यम्स टिकले आणि १९९६ मध्ये स्वेच्छेने निवृत्त झाले.

त्यानंतर ही जागा डेमोक्रॅटांच्या हाती पुन्हा कधी आली नाही. रिक हिल, डेनी रीबर्ग, स्टीव्ह डेन्स, रायन झिंकी, ग्रेग जियानफोर्टे आणि मॅट रोझेनडेल असे सहा रिपब्लिकन एकापाठोपाठ आले. पश्चिमेची स्वतंत्र जागा असती तर चित्र वेगळे दिसले असते का? याच काळात मोंटानाने राज्यव्यापी निवडणुकांतून डेमोक्रॅट सिनेटर आणि डेमोक्रॅट राज्यपाल निवडले, त्यामुळे ‘सबंध राज्य म्हणजे रिपब्लिकन’ हे समीकरण सरसकट लागू पडत नाही. माझ्या मते जागा एकच असल्याने तिचे मोल चढले: ती सिनेट, राज्यपालपद किंवा मंत्रिपदाकडे जाणारी पायरी बनली. डेन्स दोन वर्षांत सिनेटमध्ये गेले, झिंकी २०१७ मध्ये अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री झाले, जियानफोर्टे २०२० मध्ये राज्यपाल म्हणून निवडून आले, आणि रीबर्ग यांचा सिनेटचा प्रयत्न २०१२ मध्ये फसला.

देशभरच्या वाचकांना हा मतदारसंघ आठवतो तो मे २०१७ च्या पोटनिवडणुकीमुळे. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, २४ मे रोजी, जियानफोर्टे यांनी आरोग्य विम्याच्या विधेयकाविषयी विचारणाऱ्या एका वार्ताहराला जमिनीवर आपटले. त्यावर गुन्हा दाखल झाला आणि पुढे त्यांनी तो कबूलही केला. पण मोंटानात बरेच मतदार टपालाने मत देतात. बातमी पसरली तोवर मतपत्रिका मोठ्या प्रमाणावर रवाना झालेल्या होत्या. गायक-वादक असलेले डेमोक्रॅट रॉब क्विस्ट सुमारे सहा टक्क्यांनी हरले.

पुन्हा दोन

या तीस वर्षांत आकडे मोंटानाच्या दारावर दोनदा येऊन परत गेले. २००० मध्ये वाटपासाठीची लोकसंख्या ९,०५,३१६ होती, २०१० मध्ये ९,९४,४१६. जवळपास दहा लाख माणसांमागे एक सदस्य, आणि त्याच वेळी ऱ्होड आयलंडमध्ये सव्वापाच लाखांमागे एक. २०१० ते २०२० या दशकात मात्र बोझमन आणि कॅलिस्पेलच्या परिसरात बाहेरून माणसे येत राहिली; बोझमन ज्यात आहे त्या गॅलॅटिन काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने वाढली. २६ एप्रिल २०२१ रोजी आकडे जाहीर झाले: १०,८५,४०७. वर्गमूळाने भागले की ७,६७,५०० च्या आसपास. एवढ्या बळावर मोंटानाने ४३४ वी, म्हणजे शेवटून दुसरी जागा पटकावली. शेवटची मिनेसोटाला गेली, आणि न्यूयॉर्कची एक जागा अवघ्या ८९ माणसांनी हुकली.

आता प्रत्येक भागात सरासरी ५,४२,७०४ माणसे झाली. देशाची सरासरी ७,६१,१६९ होती. सर्वांत मोठ्या मतदारसंघाचा मान डेलावेअरकडे गेला. १९९२ मध्ये मोंटानाला अन्यायकारक वाटलेली पद्धत आता त्याला झुकते माप देत होती, आणि या वेळी राजधानी हेलेनातून कोणी दाद मागायला गेले नाही.

दोन जागा राज्यव्यापी ठेवून रँकिन यांच्या काळची दोन मतांची रीत परत आणणे कायद्याने शक्य नव्हते. १९६७ पासून एकाहून अधिक जागा असलेल्या राज्याला प्रत्येक जागेसाठी वेगळा मतदारसंघ आखावाच लागतो. रेषा मारण्याचे काम १९७२ च्या राज्यघटनेने पाच सदस्यांच्या आयोगाकडे दिले आहे: दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन आणि एक अध्यक्ष. या वेळी अध्यक्षांची नेमणूक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये अध्यक्ष मेलिन स्मिथ यांनी रिपब्लिकनांच्या नकाशाला मत दिले आणि तो तीन विरुद्ध दोन असा संमत झाला. मिझूला, ब्यूट, बोझमन आणि कॅलिस्पेल पश्चिमेत गेले. बिलिंग्ज, ग्रेट फॉल्स आणि राजधानी हेलेना पूर्वेत. छप्पन्न काउंट्यांपैकी फक्त पाँडरे काउंटी मधून चिरली गेली. १९१९ पासूनची जुनी रेघ नव्या लोकसंख्येला लागू पडत नव्हती, पण तिची सावली नकाशावर स्पष्ट दिसते.

२०२२ मध्ये मंत्रिपदावरून परतलेले झिंकी पश्चिमेतून तीनेक टक्क्यांच्या फरकाने जिंकले, आणि मावळते राज्यव्यापी सदस्य रोझेनडेल पूर्वेतून आरामात निवडून आले. ३ जानेवारी २०२३ रोजी दोघे सभागृहात पोहोचले, पण शपथ घेता आली नाही, कारण सभापतीची निवडच होत नव्हती. झिंकी फेरीमागून फेरी सभापतिपदाचे रिपब्लिकन उमेदवार केव्हिन मॅकार्थी यांना मत देत होते. रोझेनडेल विरोधात होते, आणि पंधराव्या फेरीत, ७ जानेवारीला मध्यरात्र उलटल्यावर, त्यांनी कोणालाही मत न देता नुसते ‘हजर’ म्हटले.